खेळातली सोंगे : गंजिफाच्या पानापासून 'स्किन'पर्यंत

लातूर जिल्ह्यातले रेणापूर हे तालुक्याचे गाव. अशा कोणत्याही गावी शाळा सुटल्यावर चार-पाच मुले कट्ट्यावर दाटीवाटीने बसून आपापल्या मोबाइलमध्ये डोके खुपसून असलेली दिसतात. ती एकेकटी खेळत आहेत असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ती सगळी एकाच खेळात असतात आणि त्यांचे प्रतिस्पर्धी नागपूरला, सुरतेला किंवा गुवाहाटीला असेच एखाद्या कट्ट्यावर बसलेले असतात. मुलांच्या बोलण्याकडे थोडा कान दिला, तर एक शब्द वारंवार ऐकू येतो : 'स्किन'. कोणाला नवी स्किन मिळालेली असते, कोणाची जुनी झालेली असते, तर कोणाला हवी असलेली स्किन महाग असते.

स्किन म्हणजे खेळातल्या पात्राचे बाह्यरूप. कपडे, चेहरा, रंग, नक्षी हे सारे त्यात येते. स्किन बदलली म्हणून पात्र जास्त वेगाने धावत नाही की त्याच्या बंदुकीचा नेम सुधारत नाही. आपल्याकडे रायरंद किंवा बहुरूपी दारी येतो, तेव्हा आज तो पोलीस असतो आणि उद्या शंकर. माणूस मात्र तोच असतो. स्किनला मराठीत नेमका शब्द शोधायचा तर तो 'सोंग' हाच आहे, असे आम्हाला वाटते.

मग ज्या गोष्टीने खेळात तसूभरही फायदा होत नाही, तिच्यासाठी मुले एवढी का झुरतात? घरच्यांची नजर चुकवून पैसे का खर्च करतात? 'हे नव्या पिढीचे खूळ आहे' असे म्हणून हा प्रश्न झटकता येईल. पण इतिहास पाहिला तर हे खूळ बरेच जुने असल्याचे दिसते, आणि त्याच्या पोटात भूमिती, संगणकशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा चांगलाच ऐवज दडलेला आहे. तो पाहण्यासाठी संगणकाच्या जन्माआधी चार शतके मागे जावे लागेल.

पाने तीच, राजे बदलले

सन १५२७ मध्ये बाबराने सिंधमधील शाह हसन याच्याकडे गंजिफाची पाने पाठवली, अशी नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. शाह हसनला या खेळाचा फार नाद होता. भारतातील गंजिफाचा हा अगदी जुना लेखी उल्लेख. गंजिफा म्हणजे पत्त्यांचा खेळ. त्याची पाने पुढे आपल्याकडे बहुधा गोल बनू लागली. मोगली गंजिफात ८ रंग आणि प्रत्येक रंगात १२ पाने, अशी एकूण ९६ पाने असतात. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत १० आकडी पाने. रंगांची नावे दरबारी थाटाची आहेत : ताज म्हणजे मुकुट, शमशेर म्हणजे तलवार, गुलाम म्हणजे सेवक, चंग म्हणजे एक तंतुवाद्य, किमाश म्हणजे व्यापारी माल, बरात म्हणजे सनदपत्र, सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे आणि सफेद म्हणजे चांदीचे नाणे. बादशाहाचा खजिना, दफ्तर, कोठी आणि फौज यांचे हे छोटेसे चित्रच म्हणायचे.

अकबराच्या काळी अबुल फजलने 'ऐन-ई-अकबरी'त या खेळाची माहिती दिली आहे. त्यात १२ रंगांच्या, म्हणजे १४४ पानांच्या एका जुन्या प्रकाराचे वर्णन येते. त्या रंगांचे राजे अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती, दलपती, वनपती, अहिपती अशा नावांचे आहेत. बादशाहाने स्वतः पानांमध्ये काही फेरबदल केले, असेही अबुल फजल सांगतो. खेळाचा सांगाडा कायम ठेवून पात्रांची रूपे बदलण्याचे हे एक जुने आणि लेखी पुराव्याचे उदाहरण आहे.

यापुढची पायरी आपल्या अधिक जवळची आहे. हा खेळ दरबारातून बाहेर पडून गावोगावच्या चितारींच्या हाती आला, तेव्हा त्यांनी बादशाही पात्रांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आणले. हीच दशावतारी गंजिफा. १० रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२० पाने. मत्स्याच्या रंगात मासा, कूर्माच्या रंगात कासव, वामनाच्या रंगात कमंडलू, परशुरामाच्या रंगात परशू अशी चिन्हे. राजाच्या पानावर खुद्द अवतार आणि प्रधानाच्या पानावर बहुधा घोडेस्वार. नवव्या अवताराचे रूप प्रदेशागणिक बदलते. कोठे बुद्ध, तर ओडिशात जगन्नाथ. म्हणजे एका सोंगाच्या आतही स्थानिक सोंगे आहेतच.

महाराष्ट्रात या कलेचे मोठे केंद्र सावंतवाडी. मराठवाड्याच्या वाचकांना आणखी जवळचे नाव म्हणजे नांदेडच्या पलीकडचे निर्मळ. आज ते तेलंगणात आहे. पूर्वी नांदेड आणि निर्मळ ही दोन्ही निजामाच्या राज्यात होती. तिथले चितारीही गंजिफा रंगवत असत. श्रीमंतांसाठी हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची पाने बनत. सामान्यांसाठी कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवत, त्यावर पांढऱ्या मातीचा लेप देत, दगडाने घोटून गुळगुळीत करत, चित्र काढत आणि वर लाखेचा हात देत. छापील इंग्रजी पत्ते स्वस्त झाल्यावर ही कला विझत चालली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कलाकारांना जागा देऊन ती जगवली.

म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वाडियारने (१७९४–१८६८) तर नवनव्या गंजिफा रचण्याचा छंदच घेतला. त्याच्या 'श्रीतत्त्वनिधी' या ग्रंथाच्या 'कौतुकनिधी' भागात अशा पानांची वर्णने आहेत. हौशी माणसाने स्वतःच्या कल्पनेने खेळातली पात्रे सजवावीत, हे आजच्या मुलांचे स्वप्न तेव्हा एका राजाला पुरे करता आले.

सोंग नियमाला धरून

आता एक बारीक गोष्ट पाहू. मोगली आणि दशावतारी गंजिफाचे नियम जवळजवळ सारखेच आहेत. तीन खेळाडू, पाने समान वाटायची : ९६ असतील तर प्रत्येकी ३२ आणि १२० असतील तर प्रत्येकी ४०. हुकमाचा वेगळा रंग नाही. राजा सर्वांत मोठा, त्याखाली प्रधान. निम्म्या रंगांत पुढचा क्रम दश्शीपासून एक्क्यापर्यंत उतरता, तर उरलेल्या निम्म्या रंगांत नेमका उलटा, म्हणजे एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. ज्याची स्मरणशक्ती तल्लख, तो जिंकला.

मोगली खेळात सुरुवात कोणी करायची याचा एक संकेत आहे. दिवसा खेळ मांडला तर सुर्खाचा, म्हणजे सोन्याच्या नाण्याचा, राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो. रात्री सफेदचा, म्हणजे चांदीच्या नाण्याचा, राजा ज्याच्याकडे तो. दिवस आणि सोने, रात्र आणि चांदी. सूर्य आणि चंद्र यांची ही जोडी सहज लक्षात राहणारी आहे. दशावतारी खेळात नाणी गेली. पण संकेत राहिला : दिवसा राम, रात्री कृष्ण. राम सूर्यवंशी आणि भर माध्यान्ही जन्मलेला; कृष्ण चंद्रवंशी आणि मध्यरात्री जन्मलेला. ज्याने कोणी ही अदलाबदल केली, त्याने नियमाला धरूनच सोंग निवडले असावे, असे आम्हाला वाटते.

चांगल्या सोंगाची दुसरी कसोटी म्हणजे ते क्षणात ओळखू यावे. हातात चाळीस गोल पाने पंख्यासारखी धरली तर प्रत्येकाची फक्त कड दिसते. म्हणून चितारी प्रत्येक रंगाला वेगळी पार्श्वभूमी देतो. कडेचा तांबडा किंवा हिरवा दिसला की रंग कळला. आणि तिसरी कसोटी पानांच्या पाठीची : ती सर्वांची एकसारखी हवी. एखाद्या पाठीवर जरासा जरी डाग पडला तर खेळ नासतो.

अर्थपूर्ण असावे, झटकन ओळखू यावे आणि कोणालाही अन्याय्य फायदा देऊ नये. या तीन कसोट्या घेऊन आता आपण संगणकाकडे वळू. तिथे चितारीपुढे एक नवी अडचण उभी राहिली. गंजिफाचे पान सपाट असते. संगणकातले पात्र मात्र घनाकृती असते. ते वळते, वाकते, पाठ फिरवते. सपाट चित्र त्याच्या अंगावर चढवायचे कसे?

सपाट चित्र, गोलाई असलेले अंग

संगणकात माणसाचे शरीर त्रिकोणांच्या जाळीने बनवतात. सुरुवातीला प्रत्येक त्रिकोणाला एकच सपाट रंग दिला जाई. त्यामुळे नक्षीदार शालू दाखवायचा तर नक्षीच्या प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळा त्रिकोण हवा. लक्षावधी त्रिकोण झाले असते. अमेरिकेतील युटा विद्यापीठात एडविन कॅटमुल याने १९७४ साली आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात एक सोपी युक्ती मांडली. जाळी साधी ठेवा, नक्षी एका वेगळ्या सपाट चित्रात ठेवा आणि जाळीवरचा कोणता बिंदू चित्रातल्या कोणत्या बिंदूशी जुळतो, याची फक्त नोंद ठेवा. हाच कॅटमुल पुढे पिक्सार या चित्रपटसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाला. संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार २०१९ साठी त्याला पॅट हॅनरहान याच्यासह मिळाला.

यातले गणित दहावीच्या विद्यार्थ्याला समजण्यासारखे आहे. जाळीतल्या त्रिकोणाचे तीन शिरोबिंदू चित्रात कुठे येतात, एवढेच चित्रकार ठरवतो. समजा ते चित्रात (०, ०), (६, ०) आणि (०, ६) येथे आले. आता पात्राच्या अंगावरील त्या त्रिकोणाचा मध्यगासंपात कोणत्या रंगाचा? तिन्ही शिरोबिंदूंना सारखे वजन देऊन सरासरी काढली की (२, २) हा बिंदू मिळतो. चित्रात तिथे जो रंग असेल तो द्यायचा. आतल्या दुसऱ्या कोणत्याही बिंदूसाठी वजने वेगळी, पण त्यांची बेरीज नेहमी १. पात्र वळले, वाकले, धावले, तरी ही वजने बदलत नाहीत. म्हणून नक्षी अंगाला चिकटून राहते. पडद्यावर दूरचे लहान आणि जवळचे मोठे दिसावे म्हणून आणखी एक दुरुस्ती करावी लागते, पण मूळ कल्पना हीच.

यात एक अडचण मात्र कोणालाही टाळता आलेली नाही. संत्र्याची साल सोलून टेबलावर सपाट पसरून पाहा. ती कुठे तरी फाटते किंवा ताणली जाते. गोलासारखा पृष्ठभाग मापे न बिघडवता सपाट करता येत नाही, हे गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केले. नकाशे काढणाऱ्यांची हीच जुनी डोकेदुखी. मर्केटरच्या १५६९ च्या पद्धतीने काढलेल्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते, वास्तविक आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट मोठी आहे. स्किन काढणाऱ्यालाही हाच त्रास होतो : सपाट चित्रात सुरेख काढलेला चेहरा डोक्यावर चढवला की गाल ताणले जातात.

यावर उपाय काय? शिंप्याला विचारा. तोही सपाट कापडातून गोलाईच्या अंगासाठी कपडा बेततो. तो कापड तुकड्यांत कापतो आणि शिवण शक्यतो बगलेत, कुशीत, नजरेआड ठेवतो. स्किन काढणाराही नेमके हेच करतो. पात्राचे अंग कुठे 'उसवायचे' हे आधी ठरवतो. शिवण हाताच्या आतल्या बाजूला किंवा पाठीवर येऊ देतो, कारण चेहऱ्याच्या मधोमध शिवण आली तर दोन्ही बाजूंचे रंग जुळवणे कठीण. ज्याच्या घरात शिवणयंत्र आहे, त्या मुलाला संगणकातली ही कला निम्मी आधीच येते, असे म्हणायला हरकत नाही.

खेळाडूच चितारी झाले

कॅटमुलची युक्ती घरगुती संगणकाच्या आवाक्यात यायला वीस वर्षे लागली. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या इड सॉफ्टवेअर या कंपनीने १९९३ मध्ये 'डूम' हा खेळ काढला. त्यात एक दूरदृष्टीचा निर्णय होता : खेळ चालवणारा प्रोग्राम वेगळा आणि चित्रे, आवाज, नकाशे यांची फाइल वेगळी. म्हणजे प्रोग्रामला हात न लावता कोणीही चित्रे बदलू शके. नियम एकीकडे आणि रूप दुसरीकडे, हेच तत्त्व गंजिफाच्या चितारींनी नकळत वापरले होते.

त्याच कंपनीचा 'क्वेक' १९९६ मध्ये आला. यातली पात्रे खऱ्या अर्थाने घनाकृती होती आणि त्यांच्या अंगावर चढवलेल्या सपाट चित्राला 'स्किन' म्हणत. हे चित्र सुमारे ३०० गुणिले २०० ठिपक्यांचे असे आणि त्यात ठरावीक २५६ रंगांपैकीच रंग वापरावे लागत. त्या वर्षाअखेर आलेल्या 'क्वेकवर्ल्ड' या आवृत्तीमुळे दूरदूरचे खेळाडू टेलिफोनच्या तारेवरून एकत्र खेळू लागले.

येथे थोडा हिशेब करू. ३०० × २०० म्हणजे ६०,००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक बाइट, म्हणजे ८ बिट धरले तर ४,८०,००० बिट. त्या काळचा चांगला मोडेम सेकंदाला २८,८०० बिट पाठवी. म्हणजे एक स्किन पाठवायला जवळजवळ १७ सेकंद! आणि खेळ चालू असताना तर प्रत्येकाची जागा सेकंदातून अनेक वेळा सर्वांना कळवावी लागते. म्हणून युक्ती अशी की, चित्र प्रत्येकाच्या संगणकात आधीच ठेवायचे किंवा एकदाच उतरवून घ्यायचे. खेळताना फक्त स्किनचे नाव पाठवायचे. नाटकात 'पात्र क्रमांक तीन रंगमंचावर येते' एवढेच सूत्रधाराने सांगावे आणि पोशाख आधीच पेटीत असावा, तसे हे आहे. आजही तत्त्व हेच आहे.

मग खेळाडूंनीच कुंचले हाती घेतले. खेळणाऱ्या गटांनी आपापल्या संघाची स्किन बनवली. क्वेकमधले मूळ पात्र पुरुषाचे होते. खेळणाऱ्या स्त्रियांनी आणि इतरांनी त्याच जाळीवर स्त्रीची रूपे रंगवली. अ‍ॅन-मरी श्लायनर या कलावंत-अभ्यासक स्त्रीने खेळाडूंच्या अशा फेरफारांचे १९९९ मध्ये एक प्रदर्शनच भरवले. बादशाहाच्या जागी राम-कृष्ण आणणारे चितारी आणि पुरुषी सैनिकाच्या जागी स्त्री आणणाऱ्या या खेळाडू, दोघांचे म्हणणे एकच होते : खेळ आम्हाला आवडतो, पण त्यात आम्ही कुठे आहोत?

मुले स्किनसाठी का झुरतात, याचे अर्धे उत्तर इथे आहे. चारचौघांत आपली वेगळी ओळख असावी ही भूक जुनी आणि निरोगी आहे.

सोंगाने खेळ नासू नये

पानाच्या पाठीचा नियम आठवतो ना? तोच प्रश्न संगणकातही उभा राहिला. क्वेकच्या काही खेळाडूंनी आपल्या संगणकावर प्रतिस्पर्ध्यांच्या स्किन झगझगीत रंगाच्या करून टाकल्या, म्हणजे अंधारातला शत्रूही उठून दिसावा. हे फसवणे की शहाणपण, यावर बरेच वाद झाले. उलट प्रकारही घडला. 'कॉल ऑफ ड्यूटी : वॉरझोन' या खेळात 'रोझ' नावाच्या पात्राची एक नखशिखान्त काळी स्किन होती. अंधाऱ्या कोपऱ्यात उभा राहिलेला खेळाडू तीमुळे दिसतच नसे. खेळाडूंनी ओरड केल्यावर कंपनीने २०२१ मध्ये ती उजळ केली.

गोळी लागली की नाही हे संगणक स्किन पाहून ठरवत नाही. पात्राभोवती काही अदृश्य, साधे ठोकळे कल्पिलेले असतात. गोळीची रेषा त्यांना छेदते का, एवढेच तो तपासतो. म्हणून फुगीर पगडी घातली तरी डोके मोठे होत नाही. संगणकाच्या लेखी सोंगाला किंमत शून्य. पण समोर खेळणारा माणूस डोळ्यांनी पाहतो आणि म्हणून सोंगाचा परिणाम होतोच. यंत्राचा न्याय आणि माणसाचा न्याय यांतले हे अंतर वर्गात चर्चेला घ्यावे असे आहे.

करणारे आणि विकत घेणारे

आता उत्तराचा उरलेला अर्धा भाग, आणि हा आपल्याला अस्वस्थ करणारा आहे.

क्वेकच्या काळात स्किन बनवली जाई आणि वाटली जाई. २०१० च्या सुमारास चित्र पालटले. 'टीम फोर्ट्रेस २' या खेळात २०१० मध्ये सजावटीच्या वस्तूंचे दुकान निघाले. खेळाडूंनी बनवलेल्या वस्तू स्वीकारून विक्रीतला वाटा त्यांना देण्याची सोयही झाली. यात एक चांगली बाजू होती : घरबसल्या चित्र काढणाऱ्यांना कमाईचे साधन मिळाले. २०१३ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये बंदुकांच्या स्किन आल्या, आणि त्या बंद पेटीतून मिळत. पेटी उघडायची किल्ली विकत घ्यायची. आत काय निघेल ते नशिबावर. हा सोडतीचा प्रकार जुगारच आहे, असे ठरवून बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांवर बंदी आणली. २०१७ पासून 'फोर्टनाइट' हा खेळ फुकट देऊन सोंगे विकायची, ही रीत जगभर रूढ झाली.

म्हणजे घडले ते असे. नियम आणि रूप वेगळे करण्याची युक्ती खेळाडूच्या हाती कुंचला देणारी होती. तीच युक्ती दुकानदाराच्या फार सोयीची निघाली. एकदा खेळ तयार झाला की तोच खेळ ठेवून नवनवी रूपे विकता येतात. 'आज मध्यरात्रीपर्यंतच' अशी मुदत घातली की मुलांची घालमेल होते. वेगळे दिसण्याची निरोगी भूक हे तिचे भांडवल. दूरच्या चित्रकाराने काढलेले आणि असंख्य मुलांना विकलेले तेच सोंग 'माझे' म्हणून मिरवले जाते.

आपल्याकडेही असे खेळ बनू लागले आहेत. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने 'इंडस' हा अनेकांनी मिळून खेळायचा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रकाशित केला. भारतीय संस्कृतीतून कल्पिलेले भविष्य अशी त्याची मांडणी आहे. त्यातल्या पात्रांच्या रूपांत देशी आकार आणि नावे दिसतात. बादशाही गंजिफाची दशावतारी गंजिफा झाली, तशीच ही वाटचाल म्हणता येईल. ती किती खोल जाते हे मात्र पुण्यापुरते ठरणार नाही. चित्र काढू शकणारी मुले रेणापुरात, अहमदपुरात, देगलुरात किती तयार होतात, यावर ते अवलंबून आहे.

वर्गात करून पाहा : १६३२ चौकोन

यासाठी संगणक हवाच असे नाही. चौकटीची वही, कात्री, खळ आणि रंगीत खडू पुरेत.

स्वीडनमधील मार्कुस पेर्सन याने २००९ मध्ये सुरू केलेला 'माइनक्राफ्ट' हा खेळ मुलांना माहीत असतो. त्यातला माणूस सहा इष्टिकाचितींचा बनलेला आहे, त्यामुळे साल सोलताना फाटण्याचा प्रश्नच येत नाही. मापे वहीच्या चौकोनांत अशी : डोके ८ × ८ × ८, धड रुंदी ८, उंची १२, जाडी ४, प्रत्येक हात आणि प्रत्येक पाय रुंदी ४, उंची १२, जाडी ४. आता पृष्ठफळ काढायला सांगा.

डोके : ६ × ६४ = ३८४.
धड : २ × (९६ + ३२ + ४८) = ३५२.
एक हात किंवा एक पाय : २ × (४८ + १६ + ४८) = २२४; असे चार, म्हणजे ८९६.
एकूण १६३२ चौकोन.

एवढे चौकोन रंगवले की एक पूर्ण सोंग तयार. चौकोन अर्ध्या सेंटिमीटरचा असेल तर डोके, धड आणि पाय मिळून पुतळा १६ सेंटिमीटर उंच होतो. प्रत्येक भागाची घडण कागदावर उलगडून काढायची, आधी सपाट रंगवायची आणि मग घडी घालून चिकटवायची. चिकटवण्यासाठी कडेला पट्ट्या ठेवायला विसरू नये.

रंगवताना मुलांना दोन गोष्टी आपोआप कळतील. पहिली : सपाट कागदावर जे शेजारी नसते ते घडी घातल्यावर शेजारी येते, म्हणून कमरेचा पट्टा चारही बाजूंना एकाच ओळीत यायला हवा. दुसरी : आठ गुणिले आठ चौकोनांत चेहरा बसवायचा तर काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा विचार करावा लागतो. डोळ्याला एक-दोन चौकोन मिळतात, मिशीला फार तर चार.

मोठ्या मुलांसाठी एक कोडे. या खेळात २०१४ पर्यंत स्किनचे चित्र ६४ × ३२, म्हणजे २०४८ चौकोनांचे होते. त्यात डोके, धड, एकच हात आणि एकच पाय असे ३८४ + ३५२ + २२४ + २२४ = ११८४ चौकोन बसवत; दुसरा हात आणि दुसरा पाय आरशातल्यासारखे उलटे दाखवत. याशिवाय टोपीसाठी डोक्याएवढाच आणखी एक ३८४ चौकोनांचा थर असे. मग उजव्या दंडावर आपले नाव लिहिले तर डाव्या दंडावर ते कसे दिसेल? आणि २०४८ पैकी किती चौकोन वाया जात? वाया का जात? उलगडलेला घन आयतात पूर्ण बसत नाही, हे मुलांना स्वतःच सापडू द्यावे. २०१४ पासून चित्र ६४ × ६४ झाले आणि डावा-उजवा हात वेगवेगळे रंगवता येऊ लागले.

विषय कोणता द्यावा? मुले सुरुवातीला बंदूकधारी सैनिकच काढतील. काढू द्यावेत. मग त्यांना गंजिफाच्या तीन कसोट्या सांगाव्यात आणि आपल्या आसपास पाहायला सांगावे. रेणापूरला रेणुकादेवीचे मंदिर आहे. देवीच्या उपासनेशी जोडलेले गोंधळी, आराधी, पोतराज मुलांच्या डोळ्यांसमोरचे आहेत. गोंधळ्याचे संबळ आणि कवड्यांची माळ, पोतराजाचा आसूड आणि कपाळावरचा मळवट, वासुदेवाची मोरपिसांची टोपी : यांपैकी नेमक्या कोणत्या खुणा ठेवल्या तर आठ चौकोनांतही माणूस ओळखू येतो? वर्गाच्या दुसऱ्या टोकाला पुतळा धरून 'हा कोण?' असे विचारावे. ओळखला गेला तर चितारी पास.

त्यासाठी मुलांना त्या लोकांकडे नीट पाहावे लागेल, जमल्यास बोलावेही लागेल. पोतराजाचे सोंग रंगवताना त्यामागचे कष्टाचे, गरिबीचे आयुष्य दिसले आणि 'हे सोंग म्हणून वापरावे का?' असा प्रश्न एखाद्या मुलीने विचारला, तर तास सार्थकी लागला असे समजावे. सोंग घेणे आणि ज्याचे सोंग घेतो त्याचा मान राखणे या दोन्ही गोष्टी एकत्र शिकायच्या असतात.

ज्या मुलाने १६३२ चौकोन स्वतःच्या हाताने रंगवले, तो दुकानातल्या स्किनकडे पुन्हा पूर्वीच्या नजरेने पाहणार नाही. ती कशी बेतली आहे, शिवण कुठे लपवली आहे, रंग किती वापरले आहेत आणि तिच्यासाठी मागितलेली किंमत रास्त आहे का, हे तो पारखू लागेल. मोबाइल हातातून काढून घेण्याने ही पारख येत नाही. खडू हातात दिल्याने येते.